लुळा हात आणि न वापरण्याची सवय

पक्षाघातानंतर घरी आलेला रुग्ण सदऱ्याची बटणं, दाराची कडी, पाण्याचा पेला, सगळं धडधाकट हाताने उरकू लागतो. दुसरा हात मांडीवर पडून राहतो. आधी तो हलतच नसतो म्हणून. पण पुढे थोडी ताकद परत आली तरी तो तसाच राहतो, कारण त्याच्यावाचून निभावतंय हे मेंदू शिकून बसलेला असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी हे आधी माकडांमध्ये ओळखलं. मग त्यांनी उपचारच उलटा केला: चांगला हात अडकवून ठेवायचा आणि दुबळ्याला राबवायचं. 2006 साली 222 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्यांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जाड मोजा घातला, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ. सोबत तासन्‌तास सराव. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात जास्त चालू लागला आणि हा फरक वर्षभरानंतरही टिकला. अर्थात मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच ही पद्धत लागू पडते.

खरी मेख मला सरावाच्या मात्रेत दिसते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतल्या जोडण्या बदलाव्यात म्हणून एकच हालचाल दिवसाला शेकडो वेळा करून घेतात. माणसांच्या फिजिओथेरपीची सत्रं अमेरिका आणि कॅनडात मोजली, तेव्हा हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32 भरल्या. एवढ्यावरून ‘व्यायामाने काही फरक पडत नाही’ असं म्हणणं रुग्णावर अन्याय आहे.

पण घाईही नको. 2,104 रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत काहींना पहिल्या 24 तासांतच वारंवार उठवून चालवायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, त्यांच्यात स्वावलंबी झालेले उलट कमी निघाले. 2021 च्या एका छोट्या अभ्यासात हातासाठीचा जादा 20 तासांचा सराव झटक्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी दिला, तेव्हा सर्वाधिक उपयोगी ठरला.

मग ‘सहा महिने झाले, आता संपलं’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य? टॉब यांनी 1993 साली ज्या रुग्णांवर ही पद्धत वापरली, त्या सगळ्यांच्या झटक्याला वर्षाहून जास्त काळ लोटला होता. त्यांचेही हात कामाला लागले.