इंजिन उचलणे (वाहनदुरुस्ती)

दुरुस्तीसाठी वाहनाचे इंजिन बैठकीवरून सोडवून बाहेर काढण्याची व काम झाल्यावर परत बसवण्याची क्रिया. ब्लॉकचे बोअरिंग किंवा क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग इंजिन जागेवर ठेवून होत नाही. फाउंडेशनचे (इंजिनाच्या बैठकीचे) रबर बदलताना मात्र बहुधा नुसता आधार पुरतो. ॲल्युमिनियम ब्लॉकचे लहान चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन सुमारे १०० किग्रॅ. भरते, मोटारीतील बिडाच्या ब्लॉकचे डिझेल इंजिन २०० किग्रॅ.च्या आसपास किंवा पुढे जाते, तर अवजड ट्रकचे सहा सिलिंडरी इंजिन १,००० किग्रॅ.च्या घरात असते. गिअरबॉक्स सोबत काढायचा असल्यास त्याचे वजन वेगळे धरावे लागते.

साधने : चेन पुली व चाकांची हायड्रॉलिक क्रेन ही दोन मुख्य साधने होत. चेन पुलीचे मूळ असलेली भेदी कप्पी (एकाच आसावरील दोन वेगळ्या व्यासांच्या चाकांची कप्पी) इंग्लंडमधील थॉमस ऑल्ड्रिज वेस्टन यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा काळ सामान्यतः १८५४ दिला जातो. तथापि ती बाजारात स्थिरावली ती १८६० च्या सुमारास, टँगी बंधूंच्या कारखान्यातून. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिला पदक मिळाले. रिचर्ड टँगी यांच्या सांगण्यानुसार तिची कल्पना चिनी रहाटावरून आली. या रहाटाच्या एकाच दांड्यावर दोन वेगळ्या व्यासांचे भाग असतात. दोराच्या जागी अखंड साखळी आली, एवढाच मूळ बदल. अशी कप्पी वेस्टन यांच्या आधी सुमारे तीस वर्षे वापरात होती, असा आक्षेप घेऊन तिच्या पेटंटला आव्हान देण्यात आले. पुराव्यादाखल आणलेली जुनी कप्पी रचनेने पुरेशी वेगळी असल्याचे ठरून न्यायाधीश विल्यम पेज वुड यांनी निकाल टँगींच्या बाजूने दिला. तत्त्व जुने, पण साखळी न अडकता खाचांतून सुटेल अशी कामाची कप्पी वेस्टन व टँगी यांची, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

या कप्पीच्या वरच्या जोडचाकातील मोठ्या चाकाला १२ व लहानाला ११ खाचा असतील, तर यांत्रिक लाभ २ × १२ ÷ (१२ − ११) = २४ येतो. म्हणजे २४० किग्रॅ. वजनाच्या इंजिनाला हिशोबाने १० किग्रॅ. ओढ पुरावी. प्रत्यक्षात घर्षणामुळे तिच्या दुपटीहून अधिक ओढ लागते. परंतु याच घर्षणामुळे हात सोडला तरी भार खाली येत नाही : कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आत असलेली कप्पी उलटी फिरत नाही. आजच्या गिअरच्या चेन पुलीत घर्षण कमी असते, म्हणून भार पेलण्यासाठी चकत्यांचा ब्रेक व एकाच दिशेने फिरू देणारी कुत्रा-दात्यांची जोडी असते. चकतीला तेल किंवा ग्रीस लागले की ही पकड जाते. त्यामुळे जुनी पुली सढळ हाताने ग्रीस भरून ‘मोकळी’ करणे अत्यंत घातक आहे.

हायड्रॉलिक क्रेनचे तत्त्व जोसेफ ब्रामा यांच्या १७९५ च्या दाबयंत्राचेच. तिच्यावर लिहिलेली क्षमता भुजा पूर्ण आत असतानाची असते. दोन टनांच्या क्रेनची भुजा टोकापर्यंत बाहेर काढली की ती साधारण अर्ध्या टनावर येते. भुजेवरील प्रत्येक छिद्राजवळ हा आकडा कोरलेला असतो आणि रंगाखाली बुजतो.

बांधणी : अपघाताचे मूळ पुलीपेक्षा बहुधा इंजिन व हूक यांमधल्या हातभर अंतरात असते. दोन पायांच्या साखळीत प्रत्येक पायावरील ताण T = W ÷ (२ sin θ) इतका असतो; येथे θ हा पायाचा आडव्या रेषेशी कोन होय. ६० अंशांना प्रत्येक पायावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के, ४५ अंशांना ७१ टक्के आणि ३० अंशांना पूर्ण वजनाइतका ताण येतो. आखूड साखळी सिलिंडर हेडवर ताणून बांधली की नेमके हेच घडते. शिवाय हा ताण बोल्टाला तिरका ओढतो.

तिरक्या ओढीत आय बोल्टची (डोक्याला कडी असलेल्या बोल्टची) क्षमता किती धरावी, याबाबत तक्ते जुळत नाहीत. खांद्याच्या आय बोल्टसाठी अमेरिकी तक्ते ४५ अंशांना सरळ ओढीच्या सुमारे ३० टक्केच क्षमता देतात, तर जर्मन डीआयएन ५८० मानकात ती सुमारे ७० टक्के येते. एम१२ बोल्टला तेथे सरळ ३४० व तिरके २४० किग्रॅ. असे आकडे आहेत. दोन्हींची मोजण्याची रीत सारखी नाही. दुरुस्तीच्या कामात, जेथे आटे जुने व अनेकदा ॲल्युमिनियमचे असतात, तेथे कडक आकडा धरावा. बिनखांद्याचा आय बोल्ट तिरका ओढूच नये. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोल गेलेला असावा.

उत्पादकाने दिलेले उचलण्याचे कान असतील तर तेच वापरावेत. इनटेक मॅनिफोल्ड, विशेषतः प्लॅस्टिकचा, टॅपेट कव्हर किंवा थर्मोस्टॅटचे घर यांना साखळी अडकवू नये. पॉलिएस्टरच्या पट्ट्याला युरोपीय मानकाप्रमाणे सातपट सुरक्षा गुणक असतो, तर साखळीला चौपट. तरीही पट्टा १०० अंश सेल्सियसपुढे वापरायचा नसतो, आणि ब्लॉकची धारदार कड त्याला भाराखाली सहज कापते. गरम सायलेन्सर पाइपाजवळ साखळीच बरी.

गुरुत्वमध्य हुकाच्या बरोबर खाली आला नाही तर इंजिन जमिनीवरून सुटताच झुकते. आट्यांचा लेव्हलर लावल्यास हूक पुढे-मागे सरकवता येतो. गिअरबॉक्ससह इंजिन काढताना पुढची बाजू मुद्दाम वर ठेवावी लागते, म्हणून तेथे तो जवळजवळ अनिवार्य समजावा.

काढण्याचा क्रम : बॅटरीची ऋण तार, कूलंट, इंधनाचा दाब व एसीचा गॅस यांची व्यवस्था आधी लागते. इंजिन तसूभर उचलून थांबावे आणि भोवती हात फिरवून पाहावे. राहून गेलेली अर्थिंगची पट्टी याच वेळी सापडते. गिअरबॉक्स जागेवरच ठेवला असेल, तर त्याला खालून आधार देऊन इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत इंजिन सरळ रेषेतच सरकवावे, अन्यथा सगळे वजन प्लेटच्या मध्यावर येते. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सकडेच राहिला पाहिजे. बसवताना तो पूर्ण आत गेलेला नसताना बोल्ट आवळले तर तेलपंप फुटतो.

ऑइल चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्राखाली) थेट जॅक लावल्यास पत्रा आत दबून तेल ओढणारी जाळी बंद होऊ शकते. फाउंडेशन बदलण्यापुरता आधार द्यायचा असेल तर मध्ये रुंद लाकडी फळी असावी. लोंबत्या इंजिनाखाली शरीराचा कोणताही भाग नसावा, कारण क्रेनचे तेलसील पूर्वसूचना न देता जाते. उतरवताना क्रेनचा व्हॉल्व्ह अगदी थोडा थोडा उघडावा. एकदम सोडून मध्येच बंद केल्यास साखळीला वजनाच्या कैकपट हिसका बसतो. इंजिन जमिनीलगत आणूनच क्रेन ढकलावी.

पुढच्या चाकांना चालना असलेल्या अनेक मोटारींत इंजिन सबफ्रेमसह (त्याला पेलणाऱ्या खालच्या चौकटीसह) खाली सोडून बॉडी वर घेतली जाते. फोक्सवॅगन बीटलचे मागील इंजिनही खालूनच निघते. हायब्रिड वाहनांत यांखेरीज उच्च दाबाची वीज तोडण्याची उत्पादकाने ठरवलेली पद्धत आधी पाळावी लागते. ती मॉडेलनुसार बदलते.