भुकटीचा वेग मोजणाऱ्या दोन कड्या

चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रात कोळसा बॉयलरमध्ये ढेकळांच्या रूपात जात नाही. मिलमध्ये तो इतका बारीक दळतात की साधारण 70 टक्के भुकटी 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाते. मग गरम हवा ती पाइपांतून बर्नरकडे उडवत नेते. चार कोपऱ्यांतून ज्वाला देणाऱ्या बॉयलरमध्ये एका मिलला चार पाइप असतात. त्यांत कोळसा सारखा वाटला जातो का, हे बाहेरून कळत नाही. पिटो नळीची, म्हणजे दाबावरून वाहत्या हवेचा वेग मोजणाऱ्या नळीची, भोकं भुकटीने बुजतात, शिवाय ती वेग सांगते हवेचा, कणांचा नाही.

इथे स्थिर विद्युत कामी येते. कण एकमेकांवर आणि पाइपवर घासून प्रभारित होतात. पाइपच्या आतल्या बाजूला सपाट बसवलेल्या, टेफ्लॉन किंवा सिरॅमिकने विलग केलेल्या धातूच्या कडीजवळून ते गेले की कडीत क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. अशा दोन कड्या 100 मिमी अंतरावर ठेवायच्या. पहिल्या कडीवरची खळबळ 4 मिलिसेकंदांनी दुसरीवर दिसली, तर वेग 25 मीटर प्रतिसेकंद. हा विलंब दोन्ही संकेतांचा सहसंबंध काढून, म्हणजे एक संकेत दुसऱ्यावर सरकवत ते कुठे सर्वांत जास्त जुळतात हे पाहून, मिळतो. सेकंदाला 10,000 नमुने घेतले तर 4 मिलिसेकंदांत 40 नमुने येतात, म्हणजे एका नमुन्याची चूक अडीच टक्क्यांची. कड्या लांब नेल्या की ही चूक घटते खरी, पण वाटेत कणांची मांडणी बदलते आणि सहसंबंधच विरतो.

सहसंबंधाचं शिखर शून्य विलंबावर दिसलं, तर तो कोळसा नव्हे! वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झची घरघर दोन्ही कड्यांवर एकाच क्षणी पोचते. अर्थिंग आणि केबलवरचं धातूचं कवच तपासा. केबल हलली तरी तिच्यात घर्षणाने प्रभार तयार होतो, म्हणून ती घट्ट बांधलेली हवी. पाइपच्या वळणानंतर लगेच कड्या बसवू नयेत: तिथे भुकटी बाहेरच्या भिंतीला दोरासारखी चिकटून वाहते, आणि कडी भिंतीजवळच्या कणांना जास्त दाद देते.

वेगावर भरवसा ठेवावा. संकेताच्या ताकदीवरून थेट कोळशाचे टन काढू नयेत. ती वेग, कणांचा आकार, ओलावा यांवरही बदलते. पाइपांची आपसातली तुलना मात्र उपयोगी पडते. पावसाळ्यात ओला कोळसा आला आणि चारही संकेत एकदम खाली गेले, तर आधी ओलाव्यावर संशय घ्यावा. एकाच पाइपचा संकेत पडला आणि वेगही उतरला, तर तिथे भुकटी बसू लागली आहे का ते बघावं.