ट्रान्समिट करताना आवाज फाटतो? संच दुरुस्तीस आणण्यापूर्वी हे तपासा

बोलताना आवाज फाटतो, घोगरा होतो किंवा हेडफोनमध्ये स्वतःचेच तुटक शब्द ऐकू येतात, अशी तक्रार घेऊन आलेला हॅम रेडिओचा (हौशी रेडिओ-प्रक्षेपणाचा) संच आम्ही उघडतो तेव्हा तो अनेकदा ठणठणीत निघतो. दोष असतो तो जोडलेल्या केबलमध्ये किंवा अँटेनाच्या मांडणीत. म्हणून ग्राहकांनी खर्च करण्याआधी पुढील तपासण्या घरीच कराव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

माइकची केबल नकळत अँटेनाचे काम करते. २८ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे अडीच मीटर भरते, म्हणजे टेबलावरच्या साध्या केबलइतकीच. तिच्यावर आलेली रेडिओ-ऊर्जा ॲम्प्लिफायरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचली की तो क्रिस्टल रेडिओतल्या डायोडसारखा वागतो आणि तिचे ऐकू येणाऱ्या ध्वनीत रूपांतर करतो. एसएसबी (सिंगल साइडबँड) या प्रक्षेपण-पद्धतीत रेडिओ-ऊर्जेची पातळी बोलण्याबरोबर चढउतार करते, म्हणून चिरका, न कळणारा आवाज येतो. एफएमची पातळी स्थिर असल्यामुळे प्रक्षेपणाचे बटण दाबताना बहुधा नुसता ‘टक्’ असा आवाज होतो.

प्रथम संच बंद करून अँटेनाच्या जागी ५० ओहमचा, पुरेशा वॅटचा डमी लोड (ऊर्जा बाहेर न फेकता उष्णतेत जिरवणारा रोध) लावावा आणि बोलून पाहावे. आवाज स्वच्छ झाला, तर ऊर्जा अँटेनाकडून किंवा कोॲक्सच्या (अँटेनाला जाणाऱ्या केबलच्या) शील्डच्या, म्हणजे तिच्या धातूच्या जाळीच्या, बाहेरच्या पृष्ठभागावरून टेबलापर्यंत येत आहे, असे समजावे. टोकाला केबल जोडलेल्या (एंड-फेड) तारेच्या अँटेनात हे विशेष आढळते. डमी लोडवरही आवाज फाटत असेल, तर आधी माइक गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ती पातळी) आणि कॉम्प्रेशन (हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय) कमी करावे. एवढ्याने फरक पडला नाही, तर संच अवश्य आमच्याकडे आणावा.

अँटेना जोडल्यावरच त्रास होत असेल, तर लॅपटॉप, स्पीकर, हेडफोन यांच्या केबल एकेक काढून पाहाव्यात. ज्या केबलने फरक पडतो, तिला ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) रिंगवर पाच-सहा वेढे द्यावेत; असा चोक केबलवरचा रेडिओ-प्रवाह अडवतो. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पाच वेढ्यांचा परिणाम खालच्या बँडांवर (कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर) एका वेढ्याच्या सुमारे २५ पट होतो. केबलवर नुसता चिमटलेला एक फेराइट मणी ७ मेगाहर्ट्झला फारसा उपयोगी पडत नाही, हे ग्राहकांना आम्ही मुद्दाम सांगतो. कोॲक्सलाही ती अँटेनाला जोडते त्या जागेजवळ असाच चोक बसवावा.

तीन पिनांच्या माइक सॉकेटमध्ये शील्ड जोडलेल्या पहिल्या पिनची तार धातूच्या चासीला (संचाच्या सांगाड्याला) न जाता पीसीबीवरून (सर्किट बोर्डवरून) लांबवर फिरत असेल, तर शील्डमधला प्रवाह थेट ऑडिओत मिसळतो. सॉकेटजवळच पिन चासीला आखूड तारेने जोडल्यास हा दोष जातो. सोल्डरिंगची सवय नसेल, तर ते काम आमच्यावर सोपवावे.

नको असलेला आवाज जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. त्यात जिवाला धोका आहे.

संच आणताना माइक, त्याची केबल आणि पॉवर सप्लाय सोबत आणावेत, आणि दोष कोणत्या बँडवर, किती वॅटला दिसतो, ते कागदावर लिहून आणावे.