टेक लाइव्ह टाकताना ‘परमिशन डिनाइड’ का येतं, त्याची पार्श्वभूमी

लिनक्सवर टेक लाइव्ह (मजकूर जुळवणारं टेक आणि त्याला लागणारे फाँट वगैरे यांचा संच) टाकायला घेतलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि बरेच जण लगेच पुढे सुडो (रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य ॲडमिनच्या, अधिकारात कमांड चालवणारी आज्ञा) लावून मोकळे होतात. माझं म्हणणं, थांबा जरा, ही भानगड जुनी आहे.

युनिक्स १९७० च्या आसपासचं, तेव्हा एकाच मशीनवर पुष्कळ लोक काम करायचे, म्हणून सगळ्यांच्या वापरातल्या फाइली रूटकडे आणि बाकीच्यांनी आपापल्या होममध्ये (स्वतःच्या फोल्डरमध्ये) काय ते करायचं. सुडो पण १९८० च्या सुमाराला अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात अशाच मशीनसाठी लिहिलं गेलं. डोनाल्ड क्नुथ यांचं टेक त्याच काळातलं, ॲडमिन एकदा टाकणार आणि सगळे वापरणार. पण टेकला चालता चालता फाइली बनवाव्या लागतात, फाँटचे बिटमॅप, फॉरमॅट, फाँटचे मॅप (कोणत्या फाँटला कोणती फाइल याची यादी), आणि लिहायची जागा तर रूटची! खरी गाठ इथेच बसते.

टेक लाइव्ह १९९६ मध्ये सीडीवर आलं. आधी लिनक्सवर चालणारं टेटेक (टेकचा असाच एक संच) २००६ मध्ये बंद पडलं तसे डिस्ट्रोवाले (लिनक्सच्या डेबियन, उबुंटूसारख्या आवृत्त्या काढणारे) टेक लाइव्हकडे वळले, आणि २००८ मध्ये टीएलएमजीआर (टेक लाइव्हचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर) आलं, म्हणजे डिस्ट्रोचा आणि टेक लाइव्हचा असे एकाच घरात दोन कारभारी. डेबियन, उबुंटूमध्ये ॲप्टने (डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरने) टाकलेल्या फाइलींना टीएलएमजीआरने हात लावायचा नाही, त्याला फक्त यूजर मोड, म्हणजे यूजरच्या होमपुरतंच काम. हे बरोबरच आहे, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं विस्कटतं.

अपडमॅपचा (फाँटचे मॅप ताजे करणाऱ्या कमांडचा) घोळ तर फार लोकांना नडला. साध्या यूजरने चालवलं की मॅपची वेगळी कॉपी होममध्ये बनायची, मग नंतर ॲडमिनने टाकलेले फाँट त्या यूजरला दिसायचेच नाहीत, आणि कारण काही केल्या सापडायचं नाही. शेवटी २०१७ पासून मागे ‘सिस’ किंवा ‘यूजर’ स्पष्ट लिहिल्याशिवाय ती कमांड चालतच नाही. उबुंटूत १९.१० च्या आधी सुडो होमचा पत्ता यूजरचाच ठेवायचं, त्यामुळे आपल्याच होममध्ये रूटच्या मालकीच्या फाइली पडायच्या, त्या चाऊनने (फाइलीचा मालक बदलणाऱ्या कमांडने) परत आपल्या नावावर करायच्या. आणि सुडो टीएलएमजीआर केल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर बहुतेक वेळा सुडोचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) वेगळा असतो, बाकी काही बिघडलेलं नसतं.

लॅपटॉप एकट्याचा असेल तर इन्स्टॉलरला सरळ होममधला फोल्डर द्या, रूट लागतच नाही. मराठीसाठी झीलाटेक (मशीनवरचे फाँट थेट वापरणारं टेकचं रूप) वापरत असाल तर देवनागरी फाँटसुद्धा होममधल्या फाँटच्या फोल्डरमध्ये टाकून एफसी-कॅश (मशीनवरच्या फाँटची यादी ताजी करणारी कमांड) चालवला की झालं.