ईगल स्काउटचा अर्ज: अठराव्या वाढदिवसाच्या खूप आधी संपणारी मुदत

ट्रूपची, म्हणजे स्काउटच्या स्थानिक गटाची, बैठक संपली की बारावीतल्या एखाद्या मुलाचे आईवडील मागे थांबतात. "वाढदिवसाला अजून दोन महिने आहेत, ईगल होईल ना?" ईगल ही स्काउटची सर्वांत वरची पायरी, आणि तिच्या अटी अठराव्या वाढदिवसाआधी पूर्ण व्हाव्या लागतात. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. ते सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण मूल मेहनती असतं. त्याला वेळेचा हिशोब कुणी आधी मांडून दाखवलेला नसतो.

अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संस्थेचं नाव फेब्रुवारी २०२५ पासून स्काउटिंग अमेरिका असं झालं, पण पायऱ्या त्याच राहिल्या: स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल. २०१९ पासून मुलींनाही हा मार्ग खुला आहे. नोंदणी, गणवेश आणि सुरुवातीच्या पायऱ्या यांत सहसा कुणी अडकत नाही. अपवाद पोहण्याचा. ईगलसाठी पोहण्याच्या मेरिट बॅजऐवजी (एखादा विषय शिकल्यावर मिळणारा बिल्ला) हायकिंग किंवा सायकलिंग चालतं, हे ऐकून पोहणं टाळणारी बरीच मुलं मी पाहिली आहेत. पण फर्स्ट क्लाससाठी १०० यार्डांची पोहण्याची चाचणी द्यावीच लागते, तिथे पर्याय नाही. पाण्याची भीती असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात शिकायला घाला.

आता हिशोब. फर्स्ट क्लासनंतर स्टारसाठी किमान चार महिने, स्टारनंतर लाइफसाठी सहा आणि लाइफनंतर ईगलसाठी सहा. एकूण सोळा महिने, आणि ते कुणालाही कमी करून मिळत नाहीत. म्हणजे १६ वर्षं ८ महिने पूर्ण होण्याआधी मूल फर्स्ट क्लास झालं नसेल तर दार बंद. हे महिने मोजायचे त्या पायरीच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूच्या, म्हणजे मोठ्यांच्या मंडळापुढे होणाऱ्या मुलाखतीच्या, तारखेपासून. आवश्यक कामं संपल्याच्या दिवसापासून नाही, आणि समारंभात बॅज हातात मिळतो त्या दिवसापासूनही नाही. बोर्ड दोन महिने लांबलं तर तेवढे महिने गेलेच, म्हणून तारीख मागून घ्या. संकोच करू नका.

पदाचंही तसंच. लाइफ स्काउट असताना सहा महिने जबाबदारीचं पद सांभाळावं लागतं. असिस्टंट पेट्रोल लीडर (ट्रूपमधल्या छोट्या तुकडीचा उपप्रमुख) हे पद स्टार, लाइफ, ईगल यांपैकी कशालाच धरत नाहीत. बगलर (बिगूल वाजवणारा) स्टार आणि लाइफला चालतो, ईगलला नाही. पद स्वीकारण्याच्या दिवशीच हे सांगायला हवं, पण मुलाला कळतं ते अर्ज भरताना.

एकूण २१ मेरिट बॅज लागतात. त्यांतले बरेचसे शनिवार-रविवारी उरकता येतात, पण सक्तीच्या बॅजपैकी तीन कॅलेंडरला बांधलेले आहेत. पर्सनल मॅनेजमेंटला तेरा आठवड्यांचा जमाखर्च, पर्सनल फिटनेसला बारा आठवड्यांचा व्यायाम, फॅमिली लाइफला घरकामाची नव्वद दिवसांची नोंद. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रयोगवही पूर्ण करायची आपली जुनी सवय इथे उपयोगाची नाही. कॅम्पिंगला वीस रात्री लागतात, त्याही स्काउटिंगच्याच उपक्रमातल्या. घरच्यांबरोबर योसेमिटीला तंबूत काढलेल्या रात्री धरत नाहीत आणि लांब मुदतीच्या एकाच शिबिरातल्या जास्तीत जास्त सहा रात्री मोजतात.

ईगलसाठी एक समाजोपयोगी प्रकल्पही करावा लागतो, आणि सगळ्यात जास्त रडारड त्यावरून होते. काम सुरू करण्यापूर्वी प्रस्तावावर चार मंजुऱ्या हव्यात: ज्या संस्थेसाठी काम करायचं ती संस्था, स्काउटमास्टर (ट्रूपचा प्रमुख), ट्रूपची समिती आणि काउन्सिल किंवा डिस्ट्रिक्ट (ट्रूपच्या वरची प्रादेशिक मंडळं). एका मुलाने देवळासाठी सुंदर बाकं बनवली, पण शेवटची सही बाकी असतानाच लाकूड कापून झालं होतं. त्याला दुसरा प्रकल्प शोधावा लागला. एका सहीसाठी पोरांना आठवडेच्या आठवडे ताटकळत ठेवणाऱ्या मोठ्यांचा मला राग येतो, तरी सांगेन की सही येईपर्यंत खिळासुद्धा ठोकू देऊ नका. देऊळ, शाळा, समाजासाठी काम करणारी संस्था चालते. कुणाचा धंदा, एखादी व्यक्ती किंवा खुद्द स्काउटिंग संस्था चालत नाही. नुसता निधी गोळा करणं हा प्रकल्प होत नाही. तासांची किमान अट मात्र नाही. मुलाने नियोजन करून इतरांचं नेतृत्व केलं का, हे पाहतात. बाबांनीच ड्रिल हातात घेतलं तर ते बोर्डापुढे लपत नाही.

अर्जात संदर्भासाठी नावं द्यायची असतात: पालक, शिक्षक, ओळखीचे आणखी दोघं, नोकरी असेल तर मालक, आणि एक धार्मिक संदर्भ. या शेवटच्या रकान्यापाशी आपली माणसं थबकतात. चर्चला जाणाऱ्यांना पाद्री ओळखत असतो. आपण गणपतीला आणि दिवाळीला देवळात जातो, गुरुजींना मुलाचं नावही माहीत नसतं. अनोळखी गुरुजींकडून ओढूनताणून पत्र आणू नका. कुटुंब कुठल्याही संघटित धर्मसंस्थेशी जोडलेलं नसेल तर हा संदर्भ पालकच देऊ शकतात.

बोर्ड ऑफ रिव्ह्यू तेवढं अठरा पूर्ण झाल्यावर चालतं. बाकी सगळ्या अटी, स्काउटमास्टरबरोबरची भेटसुद्धा, वाढदिवसाच्या आधी. मुदतवाढ मिळते ती मुलाच्या हाताबाहेरच्या गंभीर अडचणीसाठी. कॉलेजचे अर्ज, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) किंवा फुटबॉलचा मोसम यांत बसत नाही. ट्रूपमधल्या मोठ्या माणसानेच चुकीचा नियम सांगितला असेल तर ते कारण ऐकून घेतात. पण बोलण्याला पुरावा लागतो, म्हणून पद आणि तारखांबद्दल जे विचारायचं ते ईमेलवर विचारा आणि उत्तरं जपून ठेवा.