संगणक कॅबिनेटमधील पंख्यांची मांडणी : सोलापूरच्या हवेत

बाहेरची हवा कॅबिनेटच्या एका बाजूने आत यावी, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि इतर तापणाऱ्या भागांवरून जावी आणि तापून दुसऱ्या बाजूने बाहेर पडावी, यासाठी पंख्यांची जागा, दिशा, संख्या व वेग ठरवण्याला पंख्यांची मांडणी म्हणतात. पंखा हवा गार करत नाही, ती फक्त हलवतो. त्यामुळे साध्या पंख्यांवर चालणाऱ्या संगणकाचा कोणताही भाग खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी आतबाहेर फारसा फरक उरत नाही. थंड गावात खपून जाणारी चुकीची मांडणी इथे उन्हाळ्यात लगेच उघडी पडते.

तापमानाचे गणित. एखाद्या कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंश जास्त तापत असेल, तर तो फरक वर्षभर जवळपास तेवढाच राहतो. डिसेंबरच्या दुपारी ३० अंशांच्या खोलीत ७० अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८२ अंशांच्या आसपास जातो. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात. म्हणजे हिवाळ्यात हाताशी असलेली पंचवीस-तीस अंशांची सवलत उन्हाळ्यात जवळपास निम्म्यावर येते. मांडणी बिघडलेली असेल तर तीही संपते, आणि मग संगणक अडखळतो किंवा अचानक बंद पडतो.

हवा किती लागते हेही मोजता येते. ३०० वॅट उष्णता बाहेर नेताना हवेचे तापमान १० अंशांनीच वाढू द्यायचे असेल, तर समुद्रसपाटीच्या २० अंशांच्या हवेला सेकंदाला सुमारे २५ लिटर प्रवाह पुरतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून उंच आहे आणि तापलेली हवा विरळ असते, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी त्याच कामाला सुमारे २८ लिटर हवा लागते. १२० मिमी.चा साधारण पंखा मोकळ्यावर सेकंदाला २०-२५ लिटर हवा देतो. फिल्टर, जाळी आणि केबलींचा गुंता आड आला की हा आकडा बराच घसरतो. खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

दिशा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या व स्टिकर असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उघडी, पाती दिसणारी बाजू हवा ओढते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो. एवढी साधी गोष्ट, तरी पुढचा पंखा उलटा बसलेला आढळणे दुर्मीळ नाही. दोन्ही टोकांचे पंखे हवा बाहेर फेकत असतील तर ती आत येणार कुठून? संशय आला की संगणक चालू ठेवून कॅबिनेटच्या पुढे वीतभर अंतरावर पेटती उदबत्ती धरावी. धूर जाळीकडे सरळ ताणला गेला तर पंखा हवा ओढतो आहे. धूर जागीच घोटाळत असेल तर जाळी तुंबली आहे किंवा पंखा जेमतेम फिरतो आहे. हीच उदबत्ती मागच्या, कार्ड बसवण्याच्या रिकाम्या स्लॉटांच्या फटींपाशी नेली की बाहेर गेलेली गरम हवा पुन्हा आत येते का, तेही कळते. राख जाळीत पडणार नाही एवढे मात्र सांभाळावे.

मूळ मांडणी. इंटेलने १९९५ मध्ये मदरबोर्ड व कॅबिनेट यांच्या आकार-रचनेचे एटीएक्स हे मानक आणले. आजची बहुतेक मोठी कॅबिनेट त्याच वळणाची आहेत. समोरून थेट मागे जाणारा प्रवाह मनात धरून आखलेले बीटीएक्स हे मानक २००४ मध्ये बाजारात आले, पण टिकले नाही. त्यातली कल्पना मात्र योग्य होती. दार आणि त्यासमोरची खिडकी उघडी असली की खोलीतून वारा आरपार जातो, तशी हवा कॅबिनेटमधून जायला हवी : पुढून व खालून आत, मागून व वरून बाहेर. गरम हवा वर चढते हे खरे, पण पंख्यांच्या जोरापुढे तो ओढा नगण्य असतो. वरच्या पंख्याने हवा बाहेर फेकावी याचे खरे कारण हे, की प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डची उष्णता त्याच भागात गोळा होते.

सोलापुरातल्या घरगुती किंवा कार्यालयीन संगणकाला पुढे १२० किंवा १४० मिमी.चे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे १२० मिमी.चा एक पंखा बाहेर फेकणारा, ही मांडणी पुरेशी आहे. चौथा पंखा घ्यायचाच असेल तर तो वर, मागच्या कोपऱ्याकडे बसवावा. वरच्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात बसवलेला पंखा बहुधा नुकसानच करतो, कारण पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच तो बाहेर काढतो. रंगीत दिव्यांच्या पंख्यांनी सगळ्या जागा भरून टाकण्याची हौस इथल्या तरुणांत भरपूर आहे. पण वाट चुकलेली हवा कितीही असली तरी तिचा उपयोग नाही. समोर काचेचे किंवा प्लॅस्टिकचे सलग झाकण असलेल्या कॅबिनेटमध्ये पंख्यांना श्वास घ्यायला बाजूची बारीक फट तेवढी राहते. सोलापुरात असे कॅबिनेट घेऊ नये, समोर पूर्ण जाळी असलेलेच घ्यावे.

ग्राफिक्स कार्डाचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे ठरतात. एकाच पंख्याचे, बंदिस्त आवरणाचे कार्ड आपली बरीचशी उष्णता मागच्या पट्टीतून थेट बाहेर टाकते. दोन-तीन उघड्या पंख्यांचे कार्ड ती कॅबिनेटमध्येच सोडते. दुसऱ्या प्रकारच्या कार्डासमोर पुढचा एक पंखा त्याच उंचीवर असलाच पाहिजे.

दाब, धूळ आणि सूत. आत येणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असेल तर कॅबिनेटमध्ये किंचित जादा दाब राहतो आणि फटींमधून हवा बाहेर पडत राहते. उलट स्थितीत प्रत्येक फट धूळ ओढते. सोलापुरात जादा दाबाचीच मांडणी ठेवावी, आणि आत घेणाऱ्या प्रत्येक पंख्यापुढे फिल्टर हवा. उन्हाळ्यात काळ्या मातीची कोरडी धूळ सगळीकडे असते. रस्त्याकडे शटर उघडे ठेवणाऱ्या ई-सेवा केंद्रात आणि डीटीपीच्या दुकानात ती दिवसभर आत येते.

याहून अवघड प्रश्न यंत्रमागाच्या परिसरात आहे. शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चादरी व टॉवेल विणले जातात. तिथे माग जिथे चालतो त्याला लागूनच्याच खोलीत संगणक असला, तर कापसाचे बारीक तंतू हवेतून थेट त्याच्यापर्यंत येतात. अशा कॅबिनेटची पुढची जाळी काढली की तिच्यावर धुळीचा भुगा दिसत नाही. करड्या रंगाचा सलग पापुद्रा असतो. नखाने कडा उचलली की तो अख्खा सुटून येतो, आणि उजेडात धरला तर त्यात लाल-निळ्या सुताचे तुकडेही दिसतात. जाळीतून निसटलेले तंतू प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या हीटसिंकवर, पंखा आणि धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये साचतात. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ असतो, फिरतही असतो, पण खाली हवा उतरतच नाही. हा थर पंखा काढल्याशिवाय दिसत नाही. ‘पंखा चालू आहे, तरी मशीन तापते’ ही तक्रार इथे आली की आधी तेच पाहावे. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलण्याचा विचार त्यानंतर.

यातून दाबाबद्दलची एक गोष्ट निघते, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पुढचा फिल्टर तुंबला की आत येणारी हवा घटते, मागचा पंखा मात्र पूर्वीइतकीच ओढत राहतो. जादा दाबाची मांडणी अशी आपोआप उलटी होते आणि फटीफटींतून धूळ शिरू लागते. म्हणजे मांडणी स्क्रूने एकदा पक्की करून संपत नाही. ती टिकते ती फिल्टरच्या साफसफाईवर. मागाजवळच्या संगणकाचा फिल्टर दर आठवड्याला, इतरत्र महिन्यातून एक-दोनदा झटकावा. आतली पूर्ण सफाई होळीच्या सुमारास, ऊन तापण्याआधी करावी. दिवाळीच्या साफसफाईत दुसरी होऊन जाते. वीजजोडणी काढून, कॅबिनेट अंगणात किंवा गच्चीवर नेऊन ब्लोअर मारावा आणि त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. मोकळी सोडली तर ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

जागा. शहाबादी फरशीवर थेट ठेवलेले कॅबिनेट झाडू मारताना उडालेली सगळी धूळ घेते. शिवाय एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) खाली असेल तर त्याचा पंखा फरशीलगतचीच हवा ओढतो. वीतभर उंचीचा स्टँड एवढ्यासाठी पुरतो. संगणक-टेबलाच्या मागून बंद असलेल्या लाकडी कप्प्यात कॅबिनेट सरकवले, तर मागून निघालेली गरम हवा वळून पुन्हा पुढच्या जाळीत जाते. अशा वेळी आत कितीही पंखे लावले तरी फरक पडत नाही. कप्प्याची मागची फळी काढणे हाच उपाय, आणि त्याला खर्चही नाही.

कूलर. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असल्याने इथे कूलर चांगले काम करतो, आणि खोलीची हवा जितकी उतरते तितका संगणकही उतरतो. दमट हवेने संगणक बिघडेल ही भीती बऱ्यापैकी अनाठायी आहे : आतले भाग खोलीपेक्षा गरम असल्याने त्यांच्यावर दव धरत नाही. धोका आहे तो उडणाऱ्या थेंबांचा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार जाळीवर पडले की धुळीचा चिखल होऊन तो घट्ट बसतो. म्हणून कूलरचा झोत कॅबिनेटवर सरळ सोडू नये आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत कूलरचा गारवा टिकत नाही.

वेग आणि जोडणी. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून, तर चार पिनांच्या पंख्याचा पीडब्ल्यूएम म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या संकेताने ठरतो. दुसऱ्यात कमी वेगावर नियंत्रण चांगले राहते. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाज फार वाढतो. त्यामुळे एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरवलेले बरे. मदरबोर्डवरील एका जोडणीतून साधारणपणे १ अँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यायचा असतो. दुभाजक लावून पंखे वाढवताना त्यांच्या स्टिकरवरील अँपिअरची बेरीज करावी.

कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून विकले जाणारे छोटे डेस्कटॉप इथे बरेच खपतात. त्यांत प्रोसेसरवर प्लॅस्टिकचे बोगद्यासारखे आवरण असते. हवा त्यातूनच वाहावी अशी सगळी रचना केलेली असते, पण सफाई करताना ते काढले जाते आणि अडचण वाटते म्हणून बाजूला राहते. ते परत बसवलेच पाहिजे. त्याच्याविना पंखा आतलीच गरम हवा घुसळत बसतो.

तपासणी. बदल उपयोगी पडला का, हे नुसता प्रोसेसरचा आकडा पाहून ठरत नाही, कारण खोलीचे तापमान सकाळ-दुपारी बदलते. रोजचेच एखादे जड काम अर्धा तास चालवावे, प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे आणि तो फरक तारखेसह लिहून ठेवावा. मग बाजूचे झाकण उघडून तेच काम पुन्हा चालवावे. झाकण उघडल्यावर आकडा बराच खाली आला, तर कॅबिनेटला पुढून हवा कमी पडते आहे : आधी फिल्टर, मग समोरचे झाकण, मग पंख्याची दिशा या क्रमाने पाहत जावे. आकडा तसाच राहिला तर दोष कॅबिनेटच्या पंख्यांत नसून हीटसिंकमध्ये शोधावा.