मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि बीपी: मुंबईतल्या ज्येष्ठांनी आधी कोणता कागद धरावा

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात आधी आधार आणि रेशन कार्डाची शोधाशोध सुरू होते. पण रुग्णाला बीपी असेल, तर सुरुवात फिजिशियनच्या फिटनेसपासून, म्हणजे रुग्ण ऑपरेशनला योग्य असल्याच्या दाखल्यापासून करा. ऑपरेशनच्या दिवशी बीपी 180/110 च्या वर असेल, तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात, कारण डोळ्याच्या आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्या सकाळी घाईने जादा गोळी देऊन आकडा खाली आणणंही बरं नाही. आधीचे काही आठवडे गोळ्या नियमित घ्याव्यात आणि बीपीची वहीत नोंद ठेवावी.

केईएम, नायर, सायन, कूपर ही पालिकेची रुग्णालयं किंवा भायखळ्याचं जे. जे. यांपैकी सोयीचं निवडा. सकाळी ओपीडीत केस पेपर काढा. डोळे तपासून आत बसवायच्या भिंगाचा नंबर मोजतात, रक्त, साखर, ईसीजी होतो आणि मग फिटनेस. सोबत गोळ्यांची पाकिटंच न्या, नावं तोंडपाठ सांगण्यात चूक होते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. आजोबांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, तर ते सर्जनला नक्की सांगा. त्या औषधाने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही.

आता योजना. वय 70 पूर्ण असेल तर केंद्र सरकारच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण, आणि कागद लागतो तो फक्त आधार. वयही त्यावरचंच धरतात, म्हणून जन्मतारीख चुकली असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. नोंदणी आयुष्मान अ‍ॅपवर ई-केवायसीने, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवून होते. आधारला जुना मोबाइल जोडलेला असला तर ओटीपी येत नाही आणि उतारवयात बोटांचे ठसेही पुसट होतात, तेव्हा चेहऱ्याने ओळख पटवण्याचा पर्याय वापरा. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना ती योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावं लागतं. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं.

सत्तरीच्या आतल्यांनी राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. रेशन कार्ड पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही चालतं, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र हवं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) एकच नेमका प्रश्न विचारा: मोतीबिंदूचं पॅकेज याच रुग्णालयात, याच कार्डावर मिळेल का? हे दाखल होण्याआधीच विचारायचं. योजनेचा फोन 155388, आयुष्मानचा 14555.

ऑपरेशनच्या सकाळी बीपीची रोजची गोळी चुकवू नका. उपाशी राहायला सांगितलं असेल तर ती घोटभर पाण्याबरोबर घ्यावी का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.